करंडा गाडीत आहे

तात्या, घरात पितळेची भांडी काय कमी होती, की तुम्ही आईचा करंडाच कापायला घेतलात? तांब्या होता, फुलपात्री होती, देवातली घंटी होती, आणि ती वाजवायला तरी कोण उरलं होतं. शेजारणीकडे मागितली असतीत तर तिनंसुद्धा एखादी जुनी वाटी काढून दिली असती. पण नाही. आईच्या लुगड्यांच्या घडीत मी लपवून ठेवलेला चांदीचा करंडा तुम्ही हुडकून काढलात, त्यातलं कुंकू माझ्या ओंजळीत ओतलंत आणि सोनाराकडे निघालात. मी तशीच उभी, लाल ओंजळ घेऊन. हे आता कशात ठेवू, एवढंही सांगायला थांबला नाहीत. पुढे किती वर्षं विचारत राहिले, आणि तुमचं आपलं एकच उत्तर, बघू. करंडा परत द्या म्हटलं, बघू. मला शाळेत परत घाला म्हटलं, बघू. या घराला एक खिडकी पाडा, धुरानं डोळे जातात माझे, म्हटलं, तेही बघू. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा इथले रस्ते बर्फानं बंद होते, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की झालं, आता बघणारासुद्धा गेला. रडू मागाहून आलं.

पत्र लिहायला बसलेय ती काही उमाळा आलाय म्हणून नाही. मला एक निकाल करायचाय आणि तो तुमच्यापायी अडलाय. शाळेच्या कॅफेटेरियातून आत्ताच आले, हाताला साबणाचा वास आहे अजून. हे कामावर आहेत, पोरगी रविवारशिवाय उगवत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पोरीच्या जुन्या वहीचा कागद घेऊन बसलेय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं लावून घ्या. जास्त शिकवलं असतंत तर बरं आलं असतं.

बाकीच्यांचे बाप मुलगी परदेशी निघाली की लोणच्याची बरणी देतात, गोधडी देतात, अगदीच काही नाही तर नारळ हातावर ठेवतात. तुम्ही मला कार्बोरेटर दिलात. तुम्ही दुरुस्त करायचात त्या तालुक्याच्या डॉक्टरांच्या मोटारीचा, जुना, त्यांनी ती मोटार मोडीत काढली तेव्हा मागून आणलेला. तुमच्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत, पोळपाटाच्या शेजारी. मी म्हटलं, हे काय करू तिथे नेऊन? तुम्ही म्हणालात, ‘असू दे.’ बस. ‘बघू’ नाहीतर ‘असू दे’, तिसरा शब्द देवानं तुम्हाला दिलाच नव्हता. विमानतळावर कस्टमवाल्यानं फडकं सोडलं आणि यांना घाम फुटला. तो गोरा विचारतो, हे काय? यांचं सगळं इंग्रजी आटलं. शेवटी मीच म्हटलं, कार्बोरेटर. तो इतका हसला की बाकीची ट्रंक त्यानं उघडलीच नाही, म्हणून चटण्या वाचल्या. तेवढा एक उपयोग झाला त्याचा. नंतर इथे अमेरिकेत, श्रूजबरी गावात हे घर घेतलं, तर बेसमेंटचं दार आपोआप मिटायचं. त्याला मी तो अडसर लावला. वजन चांगलं होतं. इतकी वर्षं तो तिथेच होता, वॉशिंग मशीनच्या बाजूला, पायानं सरकवायचा आणि पायानंच परत लावायचा. वाईट वाटून घेऊ नका, तुम्हीही माझ्या वस्तूंना काही वेगळं वागवलं नव्हतं.

आता शेजारी एक म्हातारा राहतो. बायको वारलेली. सगळा जन्म वूस्टरच्या एका कारखान्यात लेथवर गेला. माणूस नीट आहे. माझ्या दारातला बर्फ तो ओढतो, मी त्याला थालीपीठ देते, तो ते लोणी लावून खातो आणि म्हणतो, मिसेस, हे पॅनकेक मला मारून टाकणार. मला नावानं हाक मारायचा प्रयत्न त्यानं एकदाच केला, मग मीच म्हटलं, मिसेस म्हण बाबा. या हिवाळ्यात आमची घर तापवायची भट्टी बंद पडली तेव्हा तो बेसमेंटमध्ये उतरला. भट्टीकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं. दारापाशीच गुडघे टेकून बसला, देवापुढं बसावं तसा.

“मिसेस, हे दाराला का लावलंय?”

“दार मिटतं म्हणून.”

मग कळलं की त्याच्या गराजमध्ये ताडपत्रीखाली डॉक्टरांच्या मोटारीसारखीच मोटार आहे. तीच उंच, काळी, बग्गीचं टप असलेली, जी आपल्याकडे आली की कुत्री आधी भुंकायची आणि मग पोरं धावायची. बापाकडून त्याला मिळालेली. तिचा मूळचा कार्बोरेटर केव्हाच हरवला होता, कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा बसवलेला होता आणि तो कधी धड चालला नाही. मे संपताना गावात परेड निघते, शहीद सैनिकांच्या नावानं. बायको होती तोवर तो दरवर्षी तिला शेजारी बसवून ती मोटार कशीबशी त्या परेडमध्ये न्यायचा. ती गेल्यावर मोटार अर्ध्या वाटेत बंद पडायला लागली. आता एकदा तरी ती शेवटपर्यंत न्यायची आहे म्हणाला. मी म्हटलं, मग घेऊन जा की. दाराला मी वीट लावीन. इतका सरळ व्यवहार होता तो. तिथेच संपायला हवा होता.

तर गेल्या रविवारी हा कुंपणापाशी आला आणि मला बोलावलं. पोरगी आलेली होती, म्हणून तिलाही त्याच्या गराजमध्ये नेलं, कारण त्याचं बोलणं भराभर झालं की मला निम्मं लागतं. त्यानं कार्बोरेटर पूर्ण उघडून, पुसून, फडक्यावर मांडून ठेवला होता, जसे तुम्ही मांडायचात, मोठं डावीकडे, लहान उजवीकडे. आणि त्याच्या तळहातावर आत तरंगणारा तो फ्लोट. काळा पडलेला, दोन पणत्या तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा. एका बाजूला त्यानं अंगठ्यानं घासून पाहिलं होतं आणि तिथून पांढरी चांदी चमकत होती. आणि तात्या, तिथे कमळाच्या पाकळ्या होत्या. करंड्याच्या झाकणावर होत्या त्याच. सोनारानं ठोकून ठोकून पातळ केल्या तरी अर्ध्या राहिल्यात. म्हातारा म्हणाला, मी आयुष्यात पितळेचे फ्लोट पाहिले, बुचाचे पाहिले, पण फुलं असलेला चांदीचा फ्लोट कधी पाहिला नाही. हे कुणी केलं?

मी म्हटलं, माझ्या बापानं. आणि चांदी माझ्या आईची.

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. तिला हे कधी सांगितलंच नव्हतं. सांगणार काय? तुझा आजोबा मोटारी दुरुस्त करायचा आणि एका मोटारीपायी त्यानं घरातलं होतं नव्हतं ते रॉकेलात बुडवून बघितलं, हे इंग्रजीत कसं सांगतात?

आई गेली तो दिवस मी कधीच विसरले नाही, पण आता तो परत मांडावा लागतोय. लढाई चालू होती, पेट्रोल कुपनावर होतं. आईचे दिवस भरलेले. सकाळपासून अडली होती, सुईण म्हणाली आता माझ्या हातातलं नाही. तुम्ही सायकल मारत साखर कारखान्यावर गेलात, डॉक्टर तिथल्या वस्तीवर आले होते. मी दारात उभी. आईचा आवाज आतून येतोय आणि माझा कान रस्त्याकडे लागलेला, कारण ती मोटार लांबूनच ऐकू यायची. मोटारीचा आवाज आलाच नाही. आले ते डॉक्टर, पायी, गुडघ्यापर्यंत चिखल, बॅग डोक्यावर धरलेली. म्हणाले, ओढ्याच्या चढावर गाडीत पेट्रोल तुंबलं, चालेना. ते आत गेले आणि फार लवकर बाहेर आले. बाळही गेलं. आणि त्यानंतर, सगळं संपल्यावर, ती मोटार आली. ठणठणीत वाजत आली, गल्लीच्या तोंडाशी वळली, दारात थांबली. तुम्ही खाली उतरलात, हात काळे. तिकडे उभं राहून दुरुस्त करून आणलीत तुम्ही ती. मी तेव्हापासून तुमच्यावर एकच राग धरला, की गाडी टाकून डॉक्टरांबरोबर पळत का नाही आलात. आई आत मरत होती आणि तुम्ही ओढ्यात गाडीपाशी बसला होतात. हा राग मी जपून ठेवला होता, तात्या. पक्का राग होता. त्याच्यावर माझं पोट भरत होतं.

त्यानंतर तुम्ही त्या कार्बोरेटरच्या मागे लागलात. सगळ्यांना वाटलं, बायको गेली म्हणून माणूस कामात डोकं घालतोय. शाळा माझी सुटली, चूल माझ्याकडे आली, आणि चुलीच्या पलीकडच्या भिंतीला तुमचं गराज. पण तुम्ही गराजमध्ये राहिलात कुठे? माझ्या स्वयंपाकघरातच ठाण मांडलंत. फ्लोट म्हणजे काय हे मला पोरीला समजावून सांगावं लागलं. म्हटलं, संडासाच्या टाकीत पाणी भरलं की गोळा वर येतो आणि नळ बंद करतो ना, तेच. पेट्रोल छोट्या वाटीत येतं, फ्लोट तरंगत वर येतो, सुई वर ढकलतो, भोक बंद. फ्लोट बुडाला की भोक उघडंच, पेट्रोल वाहतं, इंजिन गुदमरतं. आधी त्या मोटारीत बुचाचा फ्लोट होता. बूच पेट्रोल पिऊ नये म्हणून तुम्ही त्याला लाख लावायचात. बांगड्या करणाऱ्याकडून लाख आणायची, बाटलीत स्पिरिट घालून विरघळवायची, कोंबडीच्या पिसानं हात द्यायचे आणि माझ्या वाळवणाच्या दोरीला लटकवायचं. ते आधीपासून चालत आलेलं. आई गेल्यावर मात्र घरात पुन्हा बुचाचा तुकडा दिसला नाही. पहिला फ्लोट माझ्या वरणाच्या वाटीचा केलात. दोन वाट्या कापल्यात, डाख देऊन जोडल्यात, गोळा जड झाला, खाली जाऊन बसला. मग बिस्किटाच्या डब्याचा पत्रा. हलका होता, पण डाख सुटायचा, गंज चढायचा, आत तेल शिरायचं. तुम्ही कानाशी हलवून ऐकायचात, आत बुडबुड वाजलं की फेकून द्यायचात, तो चुलीपाशी, माझ्या पायाशी. सुईचं टोक घासलंत, फ्लोटची दांडी वाकवलीत, परत सरळ केलीत. तांदूळ धुवायच्या पातेल्यात रॉकेल. कंदिलाची काच पाटावर उभी करून, गळू नये म्हणून खालून कपड्याचा साबण थापायचा आणि आत रॉकेल ओतायचं, म्हणजे आतली पातळी बाहेरून दिसते. आणि भात रॉकेलचा वास मारतो म्हणून जेवताना तोंड वाकडं करायचं, तेही तुम्हीच.

आणि पाट तिरका धरायला मी. ते विसरला असाल तुम्ही, मी नाही विसरले. ‘अजून थोडा. अजून. ओढ्याएवढा धर.’ माझे दंड भरून येतात, चुलीवर डाळ लागते आहे, वास सुटलाय, आणि तुम्ही काचेला डोळा लावून बसलेले, जसं काही आत कुणी बोलतंय. एकदा मी पाट खाली ठेवला आणि डाळ उतरवायला धावले. काच कलंडली, रॉकेल जमिनीवर. तुम्ही कधी आवाज चढवला नव्हतात, त्या दिवशी चढवलात.

“एवढं धरवत नाही? तिथं माणसं मरतात!”

मला तेव्हा वाटलं, डाळ जळाली माझी, आणि हे माणसं मरण्याच्या गोष्टी करतात. काय बाप आहे.

मग करंडा. सोनाराकडे मी मागोमाग आले होते, तुम्ही बघितलंत पण हाकललं नाहीत. सोनारानं करंडा हातात घेऊन फिरवला आणि तुम्हाला तोंडावर विचारलं, सवाष्ण गेलेल्या बायकोची वस्तू मोटारीत घालतोस? वितळवायचाच आहे तर पोरीला कानातलं तरी कर. तुम्ही म्हणालात, ‘आधी तरंगू दे.’ काय तरंगू दे? कोण तरंगू दे? सोनारानं कपाळाला हात लावला आणि हातोडी घेतली. डाख तुम्ही स्वतः दिलात. तो फ्लोट मात्र तरंगला. पातळ, हलका, डाख पक्का, काचेत सोडला की बदकासारखा. पाट मी ओढ्याएवढा धरला, त्याहून तिरका धरला, पातळी हलली नाही. तुम्ही मला शाबास म्हणाला नाहीत. उठलात आणि बाहेर जाऊन हौदापाशी कितीतरी वेळ तोंड धूत राहिलात.

त्यानंतर डॉक्टरांची मोटार त्या ओढ्यात कधी अडली नाही, हे सगळा तालुका सांगत होता. पावसात म्हणू नका, चढावर म्हणू नका. बाया मला पाणवठ्यावर थांबवून सांगायच्या, तुझ्या बापाच्या हातांमुळे माझी सून वाचली. मी घागर उचलायची आणि चालू लागायची. दुसऱ्यांच्या सुना वाचतात, माझं काय? माझ्या लग्नात सासूबाईंनी पाठवणीच्या आधी माझी पेटी उघडली. वर आरसा, फणी, आणि पावडरच्या डब्याच्या झाकणात कागदानं बांधलेलं कुंकू. म्हणाल्या, करंडा नाही आणला? मी खरं ते सांगितलं, करंडा गाडीत आहे. तर एसटीत राहिला समजून त्यांनी दिराला स्टँडवर पिटाळला, कंडक्टरशी भांडण करून आला बिचारा. तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून हे सगळं ऐकलंत आणि एक अक्षर बोलला नाहीत. बोलायचं होतं ना तेव्हा.

हे एवढं सगळं माझ्या डोक्यात पक्कं लावलेलं होतं. कोणता राग कुठे ठेवलाय, अंधारातसुद्धा हात घालून काढता आला असता. आणि गेल्या रविवारी त्या म्हाताऱ्यानं ते विस्कटलं. त्याला काय ठाऊक. तो आपला गप्पा मारत होता. म्हणाला, तुझ्या बापानं बूच काढून धातू घातला ते फार बरं केलं, हल्ली पंपावरच्या गॅसमध्ये, पेट्रोलला इथे गॅसच म्हणतात, मक्याची दारू मिसळतात. मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या कार्बोरेटरला बुचाचा फ्लोट बसवला होता, नवा, व्यवस्थित पॉलिश दिलेला. त्या गॅसनं पॉलिश सगळं खाऊन टाकलं, बूच फुगलं, बुडालं आणि गाडी भर रस्त्यात गुदमरली. मी पोरीला विचारलं, कसलं पॉलिश म्हणतोय हा?

“शेलॅक, आई. अल्कोहोलनं मेल्ट होतं म्हणतोय ते. आय डोन्ट नो, काहीतरी किड्यांपासून बनवतात.”

“लाख,” म्हटलं मी.

आणि मी त्याच्या स्टुलावर बसले. न विचारता. पोरीला वाटलं मला चक्कर आली.

कारण लढाईत आपल्याकडेही हेच होतं. पेट्रोल पुरेना म्हणून कारखान्याच्या मळीतून काढलेलं स्पिरिट त्यात घालायचे, मला ठाऊक आहे, तुमच्या कपड्यांना यायचा तो वास, मीच धुवायची ते कपडे. आणि आईच्या त्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरांच्या मोटारीचं बूच तुम्ही लाख लावून माझ्या दोरीला लटकवलं होतं, कारण एक थेंब माझ्या परकरावर पडला होता आणि तो निघत नव्हता. आई म्हणाली होती, राहू दे, नक्षी म्हणून खपेल. म्हणजे ओढ्यात काय झालं ते आता मला दिसतंय. टाकीत स्पिरिट, स्पिरिटनं लाख खाल्ली, बूच पेट्रोल प्यायलं आणि बुडालं. तुमच्या हातची लाख. तात्या, तुम्ही स्वतः स्पिरिटमध्ये विरघळवायचात ती. रोज डोळ्यांसमोर बाटलीत विरघळायची. तीच लाख पेट्रोलमधलं स्पिरिट विरघळवणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. तुम्हाला कसं नाही कळलं? की कळलं होतं? कारखान्यावर टाकी भरली ती तुमच्यासमोर भरली का? वास आला नाही तुम्हाला? की आला आणि म्हणालात, बघू, पोचेल घरापर्यंत? मला हे जाणून घ्यायचंय आणि सांगायला एक माणूस जिवंत नाही. डॉक्टर गेले, सोनार गेला, तुम्ही गेलात. उरले मी आणि एक अमेरिकन म्हातारा, ज्याला वाटतंय की माझा बाप फार हुशार होता.

आणि चीड याची येते की तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. मी जन्मभर चुकीचा राग धरून बसले. गाडी टाकून का आला नाहीत म्हणून. आता कळतंय, तुम्ही तिथे ओढ्यात कार्बोरेटर उघडलात, ते चिकट, फुगलेलं बूच हातात घेतलंत आणि तुम्हाला तिथेच उमगलं. मग उठवलं नसेल तुमच्यानं. मला इतकंच सांगितलं असतंत की पोरी, माझी चूक झाली, तर मी काय केलं असतं? ओरडले असते, भांडी आपटली असती, बोलणं टाकलं असतं. पण पाट तरी कशासाठी धरतेय ते कळलं असतं. नीट धरला असता. डाळ जळू दिली असती.

तर आता निकालाचं. म्हातारा सरळ माणूस आहे. म्हणाला, हे तुझ्या आईचं आहे, मला ठेवून घेणं बरं वाटत नाही. मी लेथवर पितळेचा फ्लोट करून घेतो, हा तू घरी ने. किंवा तुझी इच्छा असेल तर हाच बसवतो, आणि मग तो ओहायोत माझ्या मुलाकडे गाडीबरोबर जाईल, मी गेल्यावर. तू सांगशील तसं. पोरगी म्हणाली, टेक इट बॅक, आई, ऑब्व्हियसली, इट्स आजीज. आणि वर मला टोमणा, इतकी वर्षं डोअरस्टॉप होता, अँड नाऊ यू आर क्राइंग? मी रडत नव्हते. त्या गराजमध्ये रंगाचा वास फार होता.

घरी आणलाय मी तो, ठरेपर्यंत. देवाजवळ ठेवावा तर पेट्रोलचा वास, कपाटात ठेवावा तर कपड्यांना वास. शेवटी ओट्यावर मीठ-मसाल्याच्या डब्यांपाशी ठेवलाय. येता जाता कानाशी हलवून बघते. आत काही वाजत नाही. तुमचा डाख अजून पक्का आहे.

मला तुम्ही एवढंच सांगा. करंडा तुम्ही आत घातलात तो कशासाठी? गाडी पुन्हा कुणाच्या दारापर्यंत पोचायची थांबू नये, म्हणून? तसं असेल तर राहू दे आत. म्हातारा बायकोच्या आठवणीची ती परेड पुरी करू दे, ओहायोत जायचा तर जाऊ दे. आईला हिंडायची हौस होतीच, तुम्ही कधी नेलं नाहीत. पण जर ती तुम्ही स्वतःला केलेली शिक्षा असेल, घरात तिची एकही चांगली वस्तू डोळ्यांसमोर नको, आणि होती ती रोज रॉकेलात बुडवून बघायची, असली काही तुमची वेडी शिक्षा असेल, तर पुरे झाली ती. मी काढून घेते. म्हातारा लेथवर त्याचे दोन भाग करून देईल, मी त्यात कुंकू भरते आणि विषय संपवते. दोन्हींतलं काय ते मला कळत नाही, आणि चुकीचं करायची मला आता भीती वाटते. आधी कधी वाटली नव्हती.

काल म्हाताऱ्यानं कुंपणावरून विचारलं, काय ठरलं, मिसेस? तर मी काय म्हणाले असेन? वुई विल सी. तोंडातून निघून गेल्यावर कळलं मला कोण बोललं ते. तो हसला आणि आत गेला. मी तिथेच पाण्याची नळी हातात धरून उभी राहिले, सगळं पाणी रस्त्यावर.

हे पत्र टाकायला पेटी नाही एवढं मला समजतं. बेसमेंटच्या दाराला वीट लावलीय, तिच्याखाली ठेवते. शनिवारी सकाळी तो कार्बोरेटर जोडायला घेणार आहे, सोमवारी परेड. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी मी कामावरून येईपर्यंत मला उत्तर पाहिजे. आणि बघू म्हणू नका, ते मी म्हणून झालंय.